‘चित्रपट पाहिली’ का खटकतं, आणि पिक्चरला कसं जायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. वरंगलहून बदली होऊन तुम्ही सोलापुरात आलात, बँकेत आहात. घरी तेलुगू, शाळेत हिंदी आणि मराठी इथे येऊन शिकताय. सोमवारी डबा खाताना सहकाऱ्यांना म्हणालात, ‘काल मी चित्रपट पाहिली,’ आणि सगळे हसले. मग कान देऊन ऐकायला लागलात, तर कुणी म्हणतं ‘पिक्चर पाहिला’, कुणी ‘पिक्चर बघितलं’, शिपाईमामा ‘शिनेमा’ म्हणतात आणि काउंटरवरची मुलगी ‘मूव्ही’. शब्दकोशात सगळ्यांचा अर्थ एकच. मग यातला आपला शब्द कुठला, आणि तो ‘तो’, ‘ती’ की ‘ते’? शिवाय शाखेतल्या मंडळींना एकत्र सिनेमाला न्यायचं ठरलंय, त्याची सूचना तुमच्याकडेच आली आहे, तिच्यात काय लिहायचं?

मी गेली २६ वर्षं सोलापुरात अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. बँकेतले, रेल्वेतले लोक, डॉक्टर, आणि तेलंगणातून लग्न होऊन पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे मूळच्या तेलुगू विणकर घरांत आलेल्या कितीतरी सुना माझ्याकडे शिकल्या. म्हणून तुमचं वाक्य वाचलं आणि ते कुठून आलं असेल हे लगेच लक्षात आलं. तुम्हाला अर्थ कळलेला आहे. अडचण आहे ती शब्दाच्या सोबतीची, म्हणजे त्याच्यापुढे कुठलं क्रियापद येतं आणि ते कुठल्या रूपात येतं याची.

आधी तुमची चूक पाहू, कारण ती फार बोलकी आहे. हिंदीत ‘मैंने फिल्म देखी’ म्हणतात. फिल्म हा शब्द हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून ‘देखी’. तुम्ही फिल्म काढून तिथे चित्रपट ठेवलात, देखीच्या जागी पाहिली ठेवलीत, आणि फिल्मचं लिंग मागे तसंच राहिलं. पण मराठीत लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं. पडद्यावर दिसणारी गोष्ट तीच. तिला चित्रपट म्हटलं की ‘पाहिला’, फिल्म म्हटलं की ‘पाहिली’. मंचावर तीच गोष्ट सादर केली की ते नाटक, म्हणून ‘पाहिलं’. टीव्हीवर रोज अर्धा अर्धा तास दाखवली की ती मालिका, पुन्हा ‘पाहिली’.

तेलुगूभाषकाला हे जड का जातं तेही सांगते, म्हणजे स्वतःवर चिडणार नाही. तुम्ही घरी म्हणता ‘सिनिमा चूसानु’. त्यातला शेवटचा ‘नु’ तुमच्याबद्दल बोलतो, ‘मी’ पाहिलं एवढंच सांगतो. सिनेमाचं लिंग त्या क्रियापदात कुठेच येत नाही, कारण तेलुगूत निर्जीव वस्तूंमध्ये स्त्री-पुरुष असा भेदच नाही. कन्नडचंही तसंच, ‘सिनिमा नोडिदे’ म्हणताना क्रियापद बघणाऱ्याशीच बोलतं. मराठीत मात्र पाहणे, खाणे अशा क्रियापदांच्या भूतकाळात ‘मी’ बाजूला होतो आणि क्रियापद बघितलेल्या गोष्टीशी जुळतं. मी पोळी खाल्ली, मी भात खाल्ला, मी वरण खाल्लं. खाणारा तुम्ही असा की मी, फरक पडत नाही. वर्तमानकाळात पुन्हा उलट: तुम्ही ‘मी पिक्चर बघतो’ म्हणाल, मी ‘बघते’ म्हणेन, आणि पिक्चरचं लिंग झाकलेलं राहील. म्हणून माझे विद्यार्थी वर्तमानकाळात महिनोन् महिने छान बोलतात आणि ‘काल’ म्हटलं की अडखळतात.

आता एकेक शब्द घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण रोजच्या जगण्यात सगळे सारखे कामाला येत नाहीत.

‘चित्रपट’ हा लिहिण्याचा, बातम्यांचा, भाषणाचा शब्द. पुल्लिंगी, अनेकवचनही चित्रपटच, फक्त क्रियापद बदलतं: एक चित्रपट पाहिला, तीन चित्रपट पाहिले. तुम्ही सोलापुरात, म्हणजे कापडाच्या गावात आहात म्हणून याची फोड जरूर सांगते. पट म्हणजे वस्त्र, कापड. चित्रपट म्हणजे चित्र काढलेलं कापड, आणि या अर्थाने हा शब्द संस्कृतात सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे. चित्रं एकामागून एक दाखवत कथा सांगण्याची आपल्याकडची रीतही जुनी. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी हेच करत आले. पुढे खरोखरच कापडाच्या पडद्यावर चित्रं हलू लागली तेव्हा हा शब्द त्यांना चपखल बसला. विणकर घरातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला ही फोड सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे आमच्याच घरातला शब्द आहे की हा.’ त्यानंतर ती चित्रपटाचं लिंग कधी चुकली नाही. पट पुल्लिंगी, म्हणून पटाने संपणारे सगळे शब्द पुल्लिंगी: मूकपट, बोलपट, लघुपट, माहितीपट, चरित्रपट, युद्धपट, भयपट. एक नियम पाठ केला की सातआठ शब्द एकदम हाताशी येतात.

यातले मूकपट आणि बोलपट आता इतिहासात गेले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला तेव्हा पडद्याला आवाज नव्हता. १४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. १९३२मध्ये प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ने तो मराठीतही बोलू लागला. तेव्हा नवलाई बोलण्याची होती, म्हणून बोलपट हा शब्द आला आणि थिएटरांनी आपल्या नावामागे ‘टॉकीज’ लावलं. पुढे सगळेच चित्रपट बोलायला लागले आणि बोलपट हा शब्द मागे पडला, पण टॉकीज टिकलं. आजही सोलापुरात रिक्षावाल्याला ‘गेंट्याल टॉकीज’ म्हणाल तर तो पुढे काही विचारणार नाही. टॉकीज स्त्रीलिंगी, ती टॉकीज. थिएटर नपुंसकलिंगी, ते थिएटर.

‘सिनेमा’चं मूळ गतीचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दात आहे. ल्युमिएर बंधूंच्या यंत्राचं नाव सिनेमॅटोग्राफ, त्याचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला; पुढे त्या लांबलचक नावाचं टोकच लोकांच्या तोंडी राहिलं. मराठीत हा शब्द पुल्लिंगी, अनेकवचन सिनेमे. नियमाने आंबा-आंब्याला तसं सिनेमा-सिनेम्याला व्हायला हवं, आणि जुन्या माणसांच्या तोंडी ‘सिनेम्याला’ ऐकूही येतं. तुम्ही ‘सिनेमाला’ म्हणा, आज तेच रुळलेलं आहे. तुमचे शिपाईमामा ‘शिनेमा’ म्हणतात तो आमच्या गावाकडचा उच्चार. तो चुकीचा समजू नका आणि त्याची नक्कलही करू नका.

सिनेमा या शब्दाला एक जागा अशी आहे जिथे दुसरा शब्द बसतच नाही. ‘मराठी सिनेमा बदलतोय’ असं म्हणतो तेव्हा एखादी कलाकृती मनात नसते, ती कला आणि तिचा सगळा प्रवाह मनात असतो. इराणी सिनेमा, समांतर सिनेमा, तसंच. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्याबद्दल बोलताना मी म्हणेन, ‘त्यांच्या सिनेमात गाव खरं दिसतं.’ पण ‘सैराट’बद्दल म्हणेन, ‘तो पिक्चर सोलापूर जिल्ह्यात किती गाजला!’ माणूस तोच, काम तेच, पण पहिल्या वाक्यात मी त्यांच्या कलेबद्दल बोलतेय आणि दुसऱ्यात २०१६च्या त्या गर्दीबद्दल.

आणि आता ‘पिक्चर’. तुम्हाला खरं हवं आहे ते इथेच आहे. सोलापुरात बोलण्यात सर्वांत जास्त चालणारा शब्द हाच. उच्चार पुष्कळदा ‘पिच्चर’ असा होतो. लिहिताना मात्र पिक्चरच लिहा. ‘पाहिला’ की ‘पाहिलं’? दोन्ही ऐकू येतं आणि दोन्ही बोलणारी माणसं मराठीच आहेत. बाहेरून आलेल्या शब्दाला दुसरा आधार नसला की मराठी माणूस त्याला सहज नपुंसकलिंगी करतो: ते टेबल, ते तिकीट, ते बिल. पिक्चरलाही काहीजण तसंच वागवतात, शिवाय शेजारी ‘ते चित्र’ आहेच. दुसरीकडे चित्रपट, सिनेमा, खेळ ही पिक्चरची सख्खी भावंडं सगळी पुल्लिंगी, म्हणून बहुसंख्य लोक ‘तो पिक्चर’ म्हणतात. मी वर्गात पुल्लिंग शिकवते. एकच रूप पक्कं करा: पिक्चर पाहिला, पिक्चर बघितला, चांगला पिक्चर, जुना पिक्चर. कुणी ‘बघितलं’ म्हटलं तर ऐकून घ्या, सुधारायला जाऊ नका. ‘पिक्चर बघितली’ मात्र टाळा, तिथे पुन्हा हिंदी फिल्म डोकावते.

‘पाहणे’ आणि ‘बघणे’ यांत अर्थाचा फरक नाही. लिहिताना पाहणे, बोलताना बघणे एवढं धरून चाला. सोलापुरी बोलण्यात बघणेच जास्त कानावर पडेल.

माझ्या अनुभवात माणूस मराठी झाला की नाही हे लिंगावरून तितकंसं कळत नाही. ते कळतं पिक्चरसोबत येणाऱ्या क्रियापदांवरून. पिक्चर ‘लागतो’: भागवत थिएटरला कुठला पिक्चर लागलाय? याचं मूळ मला बोर्ड आणि पोस्टर लावण्यात दिसतं. चौकात फलक लागला म्हणजे पिक्चर लागला. ते फलक हाताने रंगवायचे दिवस होते तेव्हा तो एक मोठा कसबी धंदा होता. आपल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेनही उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. शब्द एवढा रुजला आहे की आता टीव्हीवरही पिक्चर ‘लागतो’, तिथे लावायला फलक नसला तरी. मोबाइलवरच्या पिक्चरला मात्र लोक ‘आला’ म्हणतात: ‘तो आला का रे ओटीटीवर?’

पिक्चर ‘सुटतो’. ‘नऊचा पिक्चर सुटला की रिक्षा मिळत नाही.’ इथे सुटतात माणसं, पण वाक्यात सुटतो पिक्चर. शाळा सुटते, ऑफिस सुटतं, आणि या गिरण्यांच्या गावात पाळी सुटायची, भोंगा झाला की रस्ता भरून जायचा. माणसांचा लोंढा एकदम बाहेर पडतो त्या प्रत्येक जागेला मराठीत सुटणं आहे. करीमनगरहून आलेल्या एका सुनेला मी हे एकदा समजावलं. पुढच्या आठवड्यात ती सांगत आली की विडी कारखान्यासमोरून जाताना तिने सासूबाईंना विचारलं, ‘कारखाना सुटला का?’ हा उपयोग मी तिला शिकवला नव्हता, तो तिचा तिला सापडला. मला तो दिवस अजून आठवतो.

पिक्चर ‘चालतो’, ‘पडतो’, जोरात पडला तर ‘आपटतो’. थिएटरातून काढला की ‘उतरतो’: ‘आजच बघ, शुक्रवारी उतरणार आहे.’ पिक्चर तयार करणं म्हणजे पिक्चर ‘काढणं’. ‘त्याने स्वतःचे पैसे घालून पिक्चर काढला’, जसं मासिक काढतात, दुकान काढतात. ‘बनवला’ असंही लोक म्हणतात, पण त्याला हिंदीचा वास येतो आणि मला ‘काढला’ जास्त आवडतं. छापील मजकुरात यांच्या जागी ‘प्रदर्शित झाला’ आणि ‘निर्मिती केली’ येईल.

आणि पिक्चर‘ला’ जातात. हे तुम्हाला सोपं जाईल, कारण तेलुगूत तुम्ही ‘सिनिमाकि वेळ्ळानु’ म्हणता, त्यातला ‘कि’ म्हणजेच आमचा ‘ला’. थिएटरात जाणं म्हणजे इमारतीत जाणं. पिक्चरला जाणं म्हणजे एखाद्या प्रसंगाला जाणं, लग्नाला जातात तसं, जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत सगळं सोलापूर गड्ड्याला, म्हणजे तिथल्या जत्रेला जातं तसं. कोण कोण सोबत, मध्यंतरात काय खायचं, परत कसं यायचं, हे सगळं त्या ‘ला’मध्ये येतं. ‘फिल्मला गेलो’ फारसं कुणी म्हणत नाही. ‘चित्रपटाला गेलो’ बरोबर आहे, पण भाषणात शोभेल.

यातून तुमच्यासाठी एक सोय निघते. ‘काल मी पिक्चरला गेलो होतो’ म्हणा. ‘जाणे’ला कर्म नसतं, म्हणून इथे क्रियापद तुमच्याशी जुळतं, पिक्चरचं लिंग विचारावंच लागत नाही. कसा होता असं विचारलं तर नुसतं ‘भारी!’ म्हणा. भारी, मस्त, सुंदर ही विशेषणं कुठल्याही लिंगात तशीच राहतात. लिंग पक्कं होईपर्यंत हा रस्ता वापरा, पण कायमचा तिथेच राहू नका. दोन महिन्यांत ‘बघितला’ सहज यायला लागेल.

‘फिल्म’ स्त्रीलिंगी, तिथे तुमची ‘पाहिली’ अगदी बरोबर. मराठी बोलण्यात ती व्यवसायाच्या आणि शिक्षणाच्या अंगाने येते: फिल्म इन्स्टिट्यूट, शॉर्टफिल्म, फिल्म लाइन. ज्या पट्टीवर चित्रं छापलेली असायची तीही फिल्मच. जुन्या ऑपरेटरांसाठी फिल्म तुटायची आणि ती जोडेपर्यंत पिक्चर थांबायचा, या एका वाक्यात दोन्ही शब्दांचे वाटे स्पष्ट दिसतात. ‘फिल्मी’ हे विशेषण मात्र जपून वापरा. ‘फार फिल्मी बोलतोस’ म्हणजे खोटं, भडक बोलतोस. ‘मूव्ही’ तरुण मुलांचा शब्द, कुणी बघितला म्हणतं, कुणी बघितली. तो अजून कुठल्या एका लिंगात बसलेला नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

ऑफिसात एक वेगळाच पिक्चर कानावर पडेल, त्याने गोंधळू नका. ‘त्या कर्जाच्या वेळी मी पिक्चरमध्येच नव्हतो’ म्हणजे त्या व्यवहाराशी माझा संबंध नव्हता. ‘आता मोठे साहेब पिक्चरमध्ये आलेत’ म्हणजे त्यांनी लक्ष घातलं. सिनेमाचा इथे काही संबंध नाही.

कुठला शब्द कधी, हे शेवटी समोर कोण आहे आणि तुम्ही बोलताय की लिहिताय यावर ठरतं. अर्जात, सूचनेत, बातमीत चित्रपट. पुरस्कारांची, संस्थांची नावंही तशीच: राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, मराठी चित्रपट महामंडळ. कलेबद्दल गंभीरपणे बोलताना सिनेमा. वयस्कर माणसांशी सिनेमा किंवा पिक्चर, दोन्ही चालतं. मित्रांत पिक्चरच. मित्रांत ‘चल की बे पिक्चरला’ ऐकाल. तो ‘बे’ सोलापूरचा अगदी खास, प्रेमाचा आहे, पण तो बरोबरीच्या मित्रांपुरताच ठेवा. शाखेतल्या मॅडमना किंवा शिपाईमामांना कधीही लावू नका.

आता तुमची सूचना. शो या अर्थी मराठीत ‘खेळ’ हा सुरेख शब्द आहे, सहाचा खेळ, नऊचा खेळ, तो वापरा. कागदावर असं लिहा: ‘शाखेतील सर्व कर्मचाऱ्यांसाठी येत्या शनिवारी सायंकाळी ६ वाजताच्या खेळाला मराठी चित्रपट पाहण्याचा कार्यक्रम ठरला आहे. इच्छुकांनी गुरुवारपर्यंत नावे द्यावीत.’ ‘पाहण्याचा’मुळे इथेही लिंगाचा प्रश्न येत नाही. कागद फलकावर लावून झाला की मागे वळा आणि टेबलाभोवती बसलेल्यांना तोंडी सांगा, ‘शनिवारी सहाच्या पिक्चरला यायचंय हं सगळ्यांनी, सुटल्यावर जेवायला जाऊ.’